क्रोमिअमची दुरुस्ती

सयाजी खराडे सरांच्या नावावर पलूस तालुक्यात एक एसटी चालायची. डेपोत नव्हे, फळ्यावर. अणूतले इलेक्ट्रॉन कुठं आणि कसे बसतात हे अकरावीच्या पोरांच्या गळी उतरवायचं म्हणजे भल्याभल्या मास्तरांचा घसा कोरडा पडतो. सरांनी त्याची सरळ एसटी केली. इलेक्ट्रॉन म्हणजे पाशिंजर. गाडी पुढनं भरत यायची. पुढं जागा असताना कुणी मागं जायचं नाही. एका बाकड्यावर दोघंच. पण शेजारशेजारची बाकडी सारखीच असली, तर पहिल्यांदा प्रत्येकजण आपलं आपलं मोकळं बाकडं धरणार, आणि सगळी बाकडी एकेकानं धरली की मगच दुसऱ्याच्या शेजारी बूड टेकणार. बसलाच शेजारी, तर एकाचं तोंड खिडकीकडं, दुसऱ्याचं दाराकडं. तुम्ही एसटीत असंच बसता का नाही, असं सर विचारायचे. पोरं हसायची, आणि हसता हसता हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत वीसच्या वीस मूलद्रव्यं न अडखळता लिहायची.

गाडी नामी होती, खोटं कशाला बोला? फक्त त्या गाडीखाली एक पोरगी सापडली. आणि त्या पोरीला एक वाक्य सांगायला सरांना चार वर्षं लागली. वाक्य तरी केवढं? राणी, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. बस, एवढंच. शाळकरी पोरगं म्हणून टाकेल असं वाक्य, आणि पन्नाशीच्या माणसाच्या घशात ते हाडूक अडकावं तसं अडकून बसलं.

सर मूळचे वनस्पतिशास्त्राचे. पानं, मुळं, खोडं हा त्यांचा प्रांत. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. कुंडलपासून पायी पाऊण तासावर आहे एवढं धरा. तिथले केमिस्ट्रीचे जोशीसर रिटायर झाले आणि त्यांची जागा काही भरली नाही. प्राचार्यांनी सयाजी सरांना बोलावून सांगितलं, खराडे, तुम्ही सायन्सचेच ना, मग घ्या केमिस्ट्री पण, आज ना उद्या माणूस मिळेलच. माणूस काही मिळाला नाही. सरांनी रात्रंदिवस वाचून केमिस्ट्री अंगावर घेतली आणि ती एसटी काढली. बघता बघता शेजारच्या गावातली पोरं त्या वर्गासाठी इकडं प्रवेश घ्यायला लागली. पालक रस्त्यात गाठून नमस्कार करायला लागले. पानामुळांच्या मास्तराला आयुष्यात पहिल्यांदा नाव मिळालं, आणि नाव मिळालं की माणूस ते दोन्ही हातांनी धरून ठेवतो. तिथंच घोडं पेंड खातं.

राणी त्यांच्या वर्गात आली ती कोंडीबामुळं. कोंडीबा आटपाडीकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की पाचपन्नास मेंढरं, एक घोडं आणि बायकापोरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, ते पाऊस तोंडावर आला की माघारी. सरांचे थोरले भाऊ धैर्यशील फौजेतनं सुटून आलेले, शेती तेच बघायचे. ऊस तुटून गेला की कोंडीबाची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. आठ-दहा रात्री मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळायचं आणि कोंडीबाला त्याचं धान्य. हा शिरस्ता वडलांच्या काळापासूनचा. त्या ओळखीवर कोंडीबानं दहावी झालेल्या राणीला कुंडलला आपल्या बहिणीकडं, धोंडुबाईकडं ठेवलं, आणि एक दिवस पोरीला पुढं घालून सरांच्या दारात आला.

"सर, पोरगी तुमच्या वटीत घातली," तो म्हणाला. मग पोरीकडं वळून तिला बजावलं, "सरांच्या शबुदाभायेर पाऊल टाकायचं न्हाई. सर सांगतील तीच पूर्व दिशा."

राणी काटकुळी, सावळी, डोळे मात्र टक्क उघडे. त्यांच्या घरात औषधाच्या दुकानापर्यंत गेलेलं कुणी नव्हतं, आणि या पोरीला औषधं बनवायचं कॉलेज करायचं होतं. मेंढरांना काय झालं की आण्णा, म्हणजे कोंडीबा, कुठला तरी पाला उगाळून पाजतो आणि निम्मी मेंढरं बरी होतात, मग त्या पाल्यात काय असतं हे मला शिकायचंय, असं तिनं पहिल्याच आठवड्यात सरांना सांगितलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला आणखी काय पाहिजे? सर त्या दिवशी घरी जाऊन रेश्माला, म्हणजे बायकोला, म्हणाले, पंचवीस वर्षांत एक विद्यार्थी मिळाला बघ.

मग आला तो सप्टेंबरातला मंगळवार.

सरांची एसटी कॅल्शिअमच्या पुढं निघाली होती. फोर-एस नावाच्या पुढच्या बाकड्यावर दोघं बसून ते भरलेलं. मागं थ्री-डी नावाची पाच बाकडी रिकामी. एकवीस नंबरच्या मूलद्रव्यात त्यातलं एक धरलं, बाविसात दोन, तेविसात तीन. आता चोवीस, क्रोमिअम. पुढं दोन, मागं चार. सरांनी फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेवला. इतक्यात राणी उभी राहिली. पुस्तकात वेगळं दिलंय म्हणाली. पुढच्या बाकड्यावर एकच, आणि मागं पाच.

सरांनी पुस्तक मागितलं. खरंच तसं छापलेलं होतं. आता हे त्यांना आधी कसं दिसलं नाही? तर पुढचं पुढचं आपल्याला येतंच म्हणून त्यांनी ते पान कधी नीट वाचलंच नव्हतं. त्यात पंधराच दिवसांपूर्वी त्याच पुस्तकात त्यांनी छपाईची एक खरीखुरी चूक पकडली होती, दोन आकडे इकडचे तिकडं झाले होते. स्टाफरूममध्ये त्याचं कौतुक झालं होतं, चहा झाला होता. ती नशा अजून उतरली नव्हती. सर म्हणाले, ही पण छपाईचीच चूक. एकदा पुढं बसलेला पाशिंजर उठून मागच्या बाकड्यावर जातोय असं कुणी बघितलंय का? पोरं नाही म्हणाली. पेन काढा, दुरुस्त करा, सर म्हणाले. चाळीस पोरांनी पेनं काढली आणि चाळीस पुस्तकांतलं बरोबर उत्तर खोडायला घेतलं. असा प्रकार दुसऱ्या कुठल्या वर्गात झाला असेल तर मला सांगा.

राणीनं मात्र पेन काढलं नाही. तिचं आपलं डोकं चाललेलं.

"सर, मागं पाच बाकडी हायती. पुढचा एक उठून गेला, तर पाची बाकड्यावर एकेक हुतोय. सगळं सारखं हुतंय. म्हणून उठला असंल की त्यो."

सरांच्याच एसटीत बसून, सरांच्याच नियमानं पोरगी बोलत होती. आणि ते खरं वाटत होतं! सरांना ते कळलं, खोटं नाही सांगत. पण चाळीस पोरं तोंडाकडं बघत होती. खोटं बोल पण रेटून बोल, ही म्हण काय उगाच झाली?

"मेंढरं हिकडची तिकडं हाकायला हे काय आटपाडीचं माळरान हाय व्हय? बस खाली," सर म्हणाले.

वर्ग खो खो हसला. राणी खाली बसली. तिनं पेनाचं टोपण काढलं, पट्टी लावली आणि तिच्या स्वभावाप्रमाणं सगळ्यांपेक्षा नीट रेघ मारून पाचाचे चार केले.

तेवढं एक वाक्य नसतं बोललं तरी निम्मं पाप कमी झालं असतं. चूक कुणाकडनं होत नाही? पण पोरीच्या बापाची मेंढरं काढली, ज्या मेंढरांच्या लेंड्यांवर भावाचा ऊस दरसाल कमरेएवढा जास्त वाढत होता. सरांना त्या वाक्याची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो.

संध्याकाळी घरी आल्या आल्या सरांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. भाचीनं मागं ठेवलेलं बीएस्सीचं जाडजूड पुस्तक माळ्यावरनं काढलं. रेश्मानं चहाला दोनदा हाका मारल्या, त्यांना ऐकू आल्या नाहीत. पुस्तकात सगळं होतं. क्रोमिअममध्ये पुढचा एक उठून मागं जातो. का, तर पाचही ठिकाणी एकेक झाला की अणू जास्त स्थिर होतो. थोडक्यात, सोळा वर्षांची मेंढपाळाची पोर उभ्या उभ्या जे बोलली तेच जाड अक्षरांत छापलेलं होतं. खाली तांब्याचंही तसंच आहे असं दिलं होतं.

रेश्मा चहा घेऊन तिथंच आली. सरांनी तिला झालेलं सगळं सांगितलं, फक्त मेंढरांचं वाक्य गाळलं. ती म्हणाली, आवं, मग उद्या सांगून टाका की पोरांना, त्यात काय एवढं? सर म्हणाले, उद्या पहिल्या तासालाच सांगतो.

उद्या कॉलेजात तपासणीचं पथक आलं. पाहुण्यांसमोर कसं सांगायचं? परवा गुरुवार. सर वर्गात गेले, फळ्यावर तारीख घातली. राणी पहिल्या बाकावर वही उघडून, पेन हातात धरून वर बघत होती. सरांनी तोंड उघडलं आणि आवर्तसारणी शिकवायला घेतली. तांब्याचा भाग घरी वाचा म्हणाले. शुक्रवारी म्हणाले, आता मध्येच मागचं काढलं तर पोरांचा गोंधळ व्हायचा. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, घटक चाचणी झाली की सांगू. चाचणीत क्रोमिअमचा प्रश्न घातलाच नाही. चाचणी झाल्यावर म्हणाले, एका मार्काचा तर प्रश्न, येतोय कुठं नि कसला! झाकली मूठ सव्वा लाखाची. रेश्मानं एकदा विचारलं, सांगितलं का हो? सर म्हणाले, सांगितलं. झालं. आता बायकोशीही खोटं बोलून झालं होतं.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान पोटभर जेवला असता. पुढच्या वर्षीच्या अकरावीला त्यांनी क्रोमिअम बरोबर शिकवलं. काही पाशिंजर उठून जागा बदलतात, त्यांचंही कारण असतं, असं सांगितलं, आणि कारण म्हणून राणीचंच वाक्य शब्द न बदलता वापरलं. ती पोरं हसली, समजलं म्हणाली. भिंतीपलीकडं बारावीच्या वर्गात राणी बसलेली होती. दहा पावलं चालून जायचं होतं, पण सर गेले नाहीत.

बारावी झाली. मे महिन्यात प्रवेशपरीक्षा झाली, राणीचं सेंटर सांगलीला आलं. चार दिवसांनी पप्पू नावाचा तिचा वर्गबंधू सरांना पलूसच्या स्टँडवर भेटला आणि हसत हसत म्हणाला, सर, तुमचं क्रोमिअम आलं हुतं की! बाकड्यावर एकटे बसलेले इलेक्ट्रॉन किती, असा प्रश्न होता. पर्यायात चार पण होते, सहा पण होते. तू काय दाबलंस, सरांनी विचारलं. सहा, पप्पू म्हणाला. अकरावीतच मोबाइलवर बघून ठेवलं होतं, सगळ्यांनीच बघितलं होतं, सरांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. राणीकडं मोबाइल नव्हता. तिनं चार दाबलं, आणि बाहेर आल्यावर आम्ही तिला लय चिडवलं, असं सांगून तो बसमध्ये चढून निघूनही गेला.

स्टँडवर सर किती वेळ बसून राहिले त्यांनाच ठाऊक. ज्या पोरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही ती सगळी तरली. जिनं ठेवला तीच तेवढी बुडाली.

सरकारी कॉलेजातल्या फार्मसीच्या जागांची यादी लागली, तेव्हा राणीचं नाव दोन नंबरांनी खाली राहिलं. दोन नंबर! एका मार्काच्या मागंपुढं कितीतरी पोरं दाटीवाटीनं उभी असतात, हे सरांइतकं कुणाला माहीत? त्यांनी कागद घेऊन सतरा वेळा हिशेब मांडला आणि सतरा वेळा एकच उत्तर आलं. सहा दाबलं असतं, तर पोरगी आत होती.

दुसऱ्या कॉलेजात पाठवायची कोंडीबाची ऐपत नव्हती. पोरगी एक हंगाम मेंढरांमागं फिरली, मग एका ओळखीनं शिरवळला औषधाच्या कंपनीत लागली. औषध बनवायला नव्हे. बनलेल्या गोळ्यांच्या पाकिटांवर तारीख नीट छापलीय का, हे बघायला. दिवसभर पट्ट्यावरनं पाकिटं सरकणार आणि ही छपाईची चूक शोधणार. धोंडुबाईनं मोठ्या कौतुकानं हे सांगितलं, तेव्हा सरांना पाहुण्यांनी भरलेल्या घरात रडू कोसळलं. पाहुण्यांना वाटलं, सरांचा किती जीव पोरीवर.

यादी लागली त्या वर्षीच्या माघात कोंडीबा मेंढरं घेऊन आला. दहा रात्री मेंढरं बसली. धैर्यशीलनी शिरस्त्याप्रमाणं ज्वारीचं पोतं बांधावर आणून ठेवलं, तर कोंडीबा हात लावीना. म्हणाला, सरांच्या रानाचं धान्य मी घ्यायचं न्हाई. त्यांनी माझ्या पोरीसाठी लय केलं, तिच्याच नशिबात नव्हतं त्याला सर काय करणार? सर शेजारीच उभे होते. तिथं सांगायला काय हरकत होती? पण कोंडीबा त्यांच्या पायाला हात लावायला वाकला आणि सरांनी लावू दिला. धैर्यशील म्हणाले, बघ, मास्तरकीची पुण्याई! पोतं तसंच घरी माघारी आलं. रेश्मानं त्याच्या भाकरी केल्या. सरांनी त्या भाकरी खाल्ल्या.

यंदा कोंडीबा आला तो नवीनच गोष्ट घेऊन. धाकटी मंगल दहावीला बसलीय. तिलाही सायन्सला घालायचीय, आणि राणीनं शिरवळवरनं फोन करून निक्षून सांगितलंय की मंगलला सरांच्याच हाताखाली द्या, दुसरीकडं न्यायची नाही. जूनमध्ये घेऊन येतो, कोंडीबा म्हणाला. सरांनी मान डोलावली. घरी येऊन जेवले नाहीत. रेश्मानं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं ओकून टाकलं, मेंढरांच्या वाक्यासकट. रेश्मा म्हणाली, मंगल या दारात यायच्या आत राणीला सांगून या. नाहीतर मंगलला मी दारात उभी करणार नाही.

मेच्या एका सोमवारी सर निघाले. कराडला गाडी बदलली, सातारा मागं गेला, खंबाटकीचा घाट उतरला, खंडाळा गेलं. वाटभर ते वाक्य मनात घोळवत होते. शिरवळच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन रणरणत होतं. पहिली पाळी तीनला सुटायची. कंपनीच्या दारासमोर चहाच्या टपरीवर ते दोन तास बसून राहिले.

राणी बाहेर आली ती डोक्याची टोपी काढतच. सर दिसले तशी धावत आली, भर रस्त्यात पाया पडली. सर, तुमी हिकडं कुठं? बरं हाय न्हवं? काकूंची तब्येत? टपरीवाल्याला तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, आमचे सर हायती. बाकड्यावर बसून तिनं चहा मागवला. चेहरा तोच, डोळ्यांखाली मात्र काळं धरलं होतं.

सरांनी कपाला हात लावायच्या आत वाक्य टाकलं. राणी, अकरावीत त्या क्रोमिअमचं तू बोललीस ते बरोबर होतं, माझं चुकलं. आणि मेंढरांवरनं बोललो, ते तर मी माणसासारखं बोललो नाही. एका दमात बोलून ते खाली बघत राहिले.

राणी हसली. खरंच हसली, उगाच नाही. म्हणाली, ते तिला इथं आल्यावर कळलं होतं. लॅबमधल्या मॅडमना तिनं एकदा सहज विचारलं होतं. सर मूळचे झाडापाल्याचे, केमिस्ट्री गळ्यात पडलेली, एखादी गोष्ट नसेल ठाऊक. त्यासाठी एवढ्या उन्हात यायचं?

इथं सरांनी उठायला हरकत नव्हती. बोलायचं ते बोलून झालं होतं, पोरीनं मोठ्या मनानं झेलून घेतलं होतं. चार वर्षांचं ओझं एका चहाच्या कपात फिटत होतं. पण त्यांच्या मनात एक सल उरला होता. पुस्तकात ती ओळ तिनं वाचली होती, कारण तिचं तिनं शोधलं होतं, मग परीक्षेत चार का दाबलं? त्यांनी तेवढं विचारलं.

राणीनं कप खाली ठेवला.

"मी लय दिवस वाट बघितली, सर. म्हटलं, सर घरी जाऊन बघतील आन उद्या येऊन सांगतील. दिवाळीपतूर रोज वाट बघितली. तुमी काय बोलला न्हाईसा. मग मी म्हटलं, माझंच चुकलं असणार. परीक्षेत सहावर बोट गेलं हुतं माझं. पर म्हटलं, सर चुकलं असतं तर सरांनी सांगितलं असतं."

समोरच्या हमरस्त्यावरनं ट्रक जात होते. सरांना काही ऐकू येत नव्हतं. पोरीनं त्यांच्या केमिस्ट्रीवर विश्वास ठेवलाच नव्हता. केमिस्ट्रीत सर कच्चे असू शकतात, हे तिनं त्या कोवळ्या वयात ओळखलं होतं. तिनं विश्वास ठेवला होता तो सरांच्या खरेपणावर. आणि त्याच विश्वासानं तिचं बोट सहावरनं उचलून चारावर ठेवलं होतं.

"तुमाला कवा कळलं, सर?" तिनं विचारलं. सहज विचारलं. तिला वाटत असणार, हल्लीच कळलं असेल, म्हणून तर धावत आलेत.

हल्लीच, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी साक्षीदार नव्हता. रेश्मा काही शिरवळला सांगायला येणार नव्हती. सरांनी तोंडही उघडलं तसं म्हणायला. पण पोरगी त्यांच्याकडं बघत होती, पेन हातात धरून पहिल्या बाकावरनं बघायची अगदी तशी.

"त्याच दिवशी," सर म्हणाले. "संध्याकाळी घरी गेलो, पुस्तक काढलं, तवाच कळलं."

राणीनं टोपीची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. टपरीवाला कप घेऊन गेला. तिच्या खोलीवरच्या पोरी रस्त्यापलीकडनं हाका मारत होत्या, तिनं हातानं पुढं व्हा म्हणून खुणावलं. सरांना वाटत होतं, रागावू दे, चार माणसांत वाटेल ते बोलू दे, आपण ऐकून घेऊ. ती रागावली नाही. बऱ्याच वेळानं उठली, आणि सरांकडं न बघता बोलली.

"मंगलला मी हिकडंच आणते, सर. हितं हाय एक कॉलेज. आण्णांना मी काय तरी सांगते, खोलीवर एकटी हाय, सोबत पायजे म्हणून." मग म्हणाली, "तुमी मातर आण्णांना ह्यातलं काय बोलू नका. त्ये लोकाला सांगत असत्यात, माझ्या पोरीला असं सर मिळालं म्हणून. तेवढं एकच हाय त्यांच्याकडं. त्ये ऱ्हाऊ द्या."

सरांनी होय म्हणून मान हलवली. राणी रस्ता ओलांडून गेली. पाया पडायचं तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. चहाचे पैसे ती केव्हा देऊन गेली ते सरांना कळलंही नाही.

परतीची गाडी साडेपाचला होती. बैल गेला नि झोपा केला, असं स्वतःशीच म्हणत सर फाट्यावर उभे राहिले. जिला सांगायचं होतं तिला सांगून झालं, आणि ज्याला सांगून मोकळं व्हावं त्याला आता जन्मात सांगता येणार नव्हतं. पुढच्या माघात कोंडीबा मेंढरं घेऊन येणार, ज्वारीचं पोतं माघारी लावणार, आणि सरांच्या पायाला हात लावायला वाकणार. आणि सरांनी तो लावू द्यायचा. पोरीला तसा शब्द दिलाय.